३० आठवड्यांना जन्मलेली मुलगी, घरी आल्यावर वजन हळू वाढतंय. फक्त माझं दूध पुरतंय का?

पाऊसवेडी

नमस्कार सगळ्यांना, एरवी इथे मी बागकामाचे आणि पाककृतींचे धागे वाचून गप्प निघून जाणारी, पण आज डोकं अगदी पिकलंय म्हणून लिहितेय. माझं बीपी अचानक वाढलं आणि ३० आठवड्यांनाच सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, जन्माचं वजन १२८० ग्रॅम. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आधी वजन उतरलं मग हळूहळू चढलं. सुरुवातीला नाकातल्या नळीने दूध, मग बोंडल्याने, आणि घरी यायच्या आधी थोडं थोडं अंगावर लावायला लागलो. पहिल्या दिवसापासून माझंच दूध, पिळून द्यायचे मी, आणि तिथे ते त्यात एचएमएफची, म्हणजे आईच्या दुधाचा कस वाढवायची, पुडी मिसळायचे. घरी सोडलं तेव्हा ३५ आठवडे पूर्ण आणि १७२० ग्रॅम. पुडी तेव्हाच बंद केली, सांगितलं की आता नुसतं आईचं दूध द्या, दर दोन तासांनी.

आता ३७ आठवडे पूर्ण झालेत आणि काल वजन भरलं १९६०. मला वाटलं बरं आहे की, पण घरात कोणालाच तसं वाटत नाहीये. शेजारच्या वहिनींचं बाळ दोन महिन्यांचं आहे ते पाच किलोचं गुबगुबीत आणि आमची अजून दोन किलोची पण नाही, त्यामुळे येणारा जाणारा मांडीवर घेऊन पहिलं वाक्य तेच. सासूबाई वाईट नाहीत हो, रात्री माझ्याबरोबर जागतात, पण त्यांचं ठाम मत की सातमाशी पोर आहे, हिच्या पातळ पाण्यासारख्या दुधावर ती काय धरणार, डबा आणा. वाटीत काढलेलं दूध सुरुवातीला खरंच निळसर पातळ दिसतं त्यामुळे मलाही पटायला लागलंय.

त्यात दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. हॉस्पिटलचे म्हणाले आईचंच दूध चालू ठेवा, पुढच्या भेटीत बघू. घराजवळचे म्हणाले कमी वजनाच्या बाळांची पावडर येते ती सुरू करा, वजन झपझप वाढेल. दूध मला आहे, कमी नाहीये, पण ती अंगावर दहा मिनिटांत दमून झोपते. शी सू व्यवस्थित. लोहाचे थेंब आणि व्हिटॅमिन डी चालू आहे.

कोणाला असा अनुभव आहे का? आणि पातळ दूध असं खरंच काही असतं का?

दोन_पिल्लांची_आई

अगं आधी शेजारच्या बाळाशी तुलना बंद कर, ते सगळ्यात पहिलं. तुझी लेक हिशोबाने अजून जन्मायचीच आहे! ४० आठवड्यांच्या तारखेला ती शून्य दिवसांची होणार, तिथून पुढे तिचं वय मोजायचं. वजन, मान धरणं, पालथं पडणं, हसणं सगळं त्या दुरुस्त वयाने बघायचं आणि ते दोन वर्षांची होईपर्यंत. माझी जुळी ३१ आठवड्यांची, आता शाळेत जातात आणि रोज एकमेकांना चावतात. त्यांच्या बारशाला एका काकूंनी मला सांगितलेलं की सातमाशी जगतात, अठमाशी जगत नाहीत, तुझी वाचली नशीब. म्हणजे एक आठवडा जास्त पोटात राहिली असती तर धोका वाढला असता असं का? असल्या ज्ञानाला फक्त मान डोलवायची.

आता दुधाचं. सुरुवातीला निघतं ते पातळच असतं, नंतर नंतर जे येतं त्यात स्निग्धांश जास्त. तुला जर दूध भरपूर असेल आणि ती दहा मिनिटांत झोपत असेल तर तिला पुढचं पातळच जास्त मिळतंय आणि मागचं घट्ट तुझ्याकडेच राहतंय अशी शक्यता आहे. आम्हाला लॅक्टेशनवाल्या ताईंनी सांगितलेलं की आधी दोन चार मिनिटं थोडं पिळून वेगळ्या वाटीत ठेवायचं, मग बाळाला लावायचं, म्हणजे दमायच्या आत तिच्या पोटात दाट दूध जातं. बाळ झोपलं की उरलेलं पिळायचं आणि ते बोंडल्याने पाजायचं. अंगावर पंधरा वीस मिनिटांच्या वर रेटायचं नाही, चोखायलाही ताकद लागते आणि कमावलेल्या कॅलरी तिथेच खर्च होतात.

आणि हे फार कोणी सांगत नाही म्हणून लिहिते, काढलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवलं की साय वर येऊन भांड्याच्या कडेला चिकटते. ती तशीच राहिली तर बाळाला जातं ताक आणि लोणी जातं सिंकमध्ये. कोमट पाण्याच्या वाटीत भांडं ठेवायचं आणि हळूहळू गोल फिरवायचं, कडेची साय सगळी दुधात उतरली पाहिजे. जोरात हलवायचं नाही, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही.

अजून एक, वजन कुठे केलंस? हॉस्पिटलच्या काट्यावर आणि मेडिकलवाल्याच्या काट्यावर सहज पन्नास साठ ग्रॅमचा फरक पडतो, आणि झबलं दुपटं टोपीसकट केलं असेल तर विचारूच नको. एकच काटा, कपडे काढून, शक्यतो पाजायच्या आधी, आणि रोज नाही. रोज केलंस तर वेड लागेल.

बाबा_नाशिककर

इथे बहुतेक मी एकटाच पुरुष आहे पण लिहितो. आमचा मुलगा २९ आठवड्यांचा. माझं काम होतं पंपाचे सगळे भाग उकळणे, बाटल्यांवर तारीख वेळ लिहिणे आणि बर्फाच्या डब्यातून दूध एनआयसीयूत पोचवणे. सिक्युरिटीवाला मला दूधवाला भैया म्हणायचा, मी पण रोज त्याला विचारायचो आज किती लिटर टाकू.

माझा मुद्दा कांगारूचा. घरी आल्यावर बरेच लोक ते बंद करतात, कारण वाटतं ती हॉस्पिटलची गोष्ट. पाऊसवेडी ताई, दोन किलोच्या खालचं बाळ आहे, अजून छातीला लावून ठेवा, जितके तास जमेल तितके. बाळाला नुसतं डायपर आणि टोपी, तुमच्या उघड्या छातीवर उभं, वरून ओढणी किंवा शाल. अंग गरम राहिलं की तापमान टिकवायला त्याची ताकद खर्च होत नाही, ती वाढीकडे जाते, आणि आईला दूधही जास्त उतरतं. हे १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला सुरू झालं, इनक्युबेटर कमी होते म्हणून, आणि आता इनक्युबेटर असलेले मोठे देशसुद्धा करतात. दिल्लीचं सफदरजंग, आफ्रिकेतली चार हॉस्पिटलं मिळून मोठा अभ्यास झाला त्यात जन्मल्या जन्मल्या कांगारू सुरू केलेल्या बाळांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले, २०२१ ला आलं ते.

आणि आई आंघोळीला किंवा झोपायला गेली की नवऱ्याने घ्यायचं छातीवर. आजीनेही घेता येतं. सासूबाईंना हे काम द्या, डब्याचा विषय आपोआप मागे पडेल, स्वानुभव आहे.

बालरोगवाला

मी नवजात शिशु विभागात काम करतो. न तपासता उपचार सांगणार नाही, पण हिशोब सांगतो, तो घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

दोन आठवड्यांत २४० ग्रॅम म्हणजे दिवसाला साधारण १७ ग्रॅम. या टप्प्यावर आम्ही दिवसाला २० ते ३० ग्रॅमची अपेक्षा धरतो. म्हणजे थोडं कमी आहे, लक्ष द्यायला हवं, पण हातपाय गाळायचं कारण नाही. आणि वर म्हटलंय तसं दोन वजनं दोन काट्यांवरची असतील तर हा हिशोबच लटका.

आता पातळ दुधाचं. कुठल्याही आईचं दूध घ्या, १०० मिलीला साधारण ६५ ते ७० कॅलरी. निळसर दिसलं म्हणून ते कमी कसाचं होत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्यातच सगळं मिळतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची भानगड वेगळी आहे. शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाला जे प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस, लोह धो धो मिळायचं असतं ते तिला मिळालंच नाही, ती आधीच बाहेर आली. ते आता तोंडाने भरून काढायचंय. तुमच्या मुलीला किलोमागे दिवसाला १८० मिली दूध गेलं, म्हणजे आजच्या वजनाला साडेतीनशे मिली, बारा वेळा पाजलं तर प्रत्येक वेळी तीस मिलीच्या आसपास, तर कॅलरी किलोमागे १२० च्या जवळ जातात, म्हणजे बसतात जेमतेम. प्रोटीनचं मात्र जमत नाही. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रोटीन जास्त असतं, मग ते उतरत १०० मिलीला एक सव्वा ग्रॅमवर येतं. १८० मिलीत झाले दोन सव्वादोन ग्रॅम. अशा बाळांना किलोमागे साडेतीन ते चार ग्रॅम लागतं. ही जी दीड दोन ग्रॅमची खोट आहे ना, तेवढ्यासाठी ती एचएमएफची पुडी असते. ती दुधाऐवजी नाही, दुधातच. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दीड किलोच्या आतल्या बाळांसाठी तिचा विचार करावा असं जागतिक आरोग्य संघटनाही २०२२ पासून म्हणते. पुडीने वजन, लांबी, डोक्याचा घेर थोडे बरे वाढतात. मोठेपणी त्याचा फरक उरतो का याचा भक्कम पुरावा अजून नाही, तेही सांगून ठेवतो.

म्हणून तुमचा डॉक्टरांना पहिला प्रश्न डबा की नाही हा नसावा. पहिला प्रश्न असावा, दिवसाला एकूण किती मिली पोटात जातंय? दहा मिनिटांत झोपणाऱ्या बाळाचं ते कुणालाच माहीत नसतं. एक दोन दिवस बहुतेक दूध पिळून मोजून पाजा, म्हणजे कळेल. प्रमाण पुरेसं असून वजन अडलं असेल तर दुसरा प्रश्न, पुडी परत काही आठवडे सुरू करायची का. त्याच भेटीत रक्तातलं हिमोग्लोबिन आणि हाडांसाठी फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज बघायचं का तेही विचारा.

तिसरी गोष्ट, नुसत्या वजनावर जाऊ नका. डोक्याचा घेर आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढतोय का? लांबी? फाइलमध्ये फेंटनचा तक्ता किंवा इंटरग्रोथचा तक्ता असेल, त्यात तिची रेघ आपल्या ओळीला धरून चढतेय की खाली घसरतेय ते बघायचं. इंटरग्रोथचं मुद्दाम सांगतो कारण जगातल्या ज्या आठ ठिकाणची बाळं मोजून तो तक्ता झाला त्यात ऑक्सफर्ड, सिएटलबरोबर आपलं नागपूर पण आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तो पोटातले आठवडे धरून ६४ आठवड्यांपर्यंत चालतो, फेंटन ५० पर्यंत. शेजारच्या पाच किलोच्या बाळाचा त्यात कुठेच संबंध येत नाही.

आणि आईच्या दुधावर एवढा जोर का, तर दोन गोष्टी. ब्रिटनमधला १९९० चा ९२६ बाळांचा अभ्यास, फक्त पावडरवरच्या बाळांत एनईसी म्हणजे आतडं सडण्याचा आजार फक्त आईच्या दुधावरच्यांपेक्षा सहा ते दहा पट. दुसरं, २०१२ ला फ्रान्समधल्या दोन मोठ्या गटांची आकडेवारी आली. घरी जाताना आईच्या दुधावर असलेल्या फार लवकर जन्मलेल्या बाळांची हॉस्पिटलमधली वजनवाढ कमी होती, पण पुढे दोन आणि पाच वर्षांना तपासलं तर मेंदूची वाढ त्यांचीच बरी. हे उलटंपालटं वाटतं, कारण एरवी हॉस्पिटलात वजन चांगलं वाढलेली बाळंच पुढे बरी निघतात. लेखकांनीही त्याला विरोधाभासच म्हटलंय. मी त्यातून इतकंच घेतो की वजन वाढवायचंच आहे, पण दूध काढून टाकून नाही.

लगेच दवाखाना कधी: दूध घेईनाशी झाली, हिरवी उलटी, पोट टम्म, शीमध्ये रक्त, अंग गार, श्वास मध्येच थांबणं किंवा ओठ निळे. यात इथे धागा काढत बसायचं नाही.

मीठभाकर

डॉक्टर तुमचं सगळं बरोबर असेल पण मला हे वाचून जरा लागलं. मला दूध आलंच नाही फारसं. एनआयसीयू दुसऱ्या गावात, मी सिझेरियनचे टाके घेऊन एका गावात, बाळ नवऱ्याबरोबर दुसरीकडे, पंप काय असतो हे मला कुणी सांगितलंही नाही, आणि चार दिवसांनी भेट झाली तेव्हा सगळं आटल्यासारखं. अळीव झाले, डिंक झाला, मेथी झाली, शतावरी झाली, शेवटी पावडर. मुलगा आज ठणठणीत आहे. मग प्रत्येक धाग्यावर सहा पट दहा पट वाचायचं आणि रात्री रडायचं का आम्ही? डबा दिला म्हणजे आई कमी पडली असं होत नाही एवढंच म्हणायचंय.

बालरोगवाला

@मीठभाकर, अजिबात कमी पडला नाहीत. बाळ एका गावात आणि आई दुसऱ्या गावात ठेवून आईकडून दूध मागायचं हा आमच्या व्यवस्थेचा दोष आहे. दूध टिकवायचं तर बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच पिळायला सुरुवात लागते आणि दिवसरात्र मिळून आठ दहा वेळा. ते तुम्हाला त्या खाटेवर येऊन कुणीतरी शिकवायला हवं होतं. अळीव डिंक खाऊन तुमची ताकद भरून येईल, पण दूध वाढतं ते स्तन रिकामा होण्याने, तिथे लाडू पुरे पडत नाहीत.

आणि तो सहा ते दहा पटीचा आकडा एनआयसीयूतल्या नाजूक दिवसांचा आहे. ३७ आठवड्यांच्या, घरी आलेल्या बाळाला एनईसीचा धोका बराच उतरलेला असतो. आईचं दूध नाही आणि दात्या आईचंही नाही, तर कमी वजनाच्या बाळांसाठीची पावडर हेच योग्य, त्यात लाज कसली. माझा आक्षेप एवढाच, की दूध भरपूर असलेल्या आईला पहिला सल्ला डब्याचा नको.

सिस्टरबाई

निवृत्त नर्स आहे, बरीच वर्षं मिल्क बँकेत काढली. वरती दात्या आईचा विषय निघाला म्हणून लिहिते, बऱ्याच जणींना माहीतच नसतं. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये, १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता सरकारी आणि खाजगी बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत आहेत. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवलं जातं, मग गार करून जंतू नाहीत हे बघून गोठवतात. ते मिळतं मुख्यतः एनआयसीयूतल्या लहानग्यांना, दुकानातल्या पिशवीसारखं कोणी जाऊन आणायचं नसतं. आणि शेजारणीचं, जावेचं दूध तपासणीशिवाय अशा बाळाला पाजू नका, प्रेम कितीही असो.

पण दात्या आईच्या दुधावर वजन आणखी हळू वाढतं हेही खरं. देणारी बहुतेक पूर्ण दिवसांची, बाळ काही महिन्यांचं झालेली, म्हणजे प्रोटीन उतरलेलं, त्यात तापवताना स्निग्धांश पचवणारा लायपेज मरतो, या भांड्यातून त्या भांड्यात करताना साय थोडी चिकटून जाते. म्हणून स्वतःच्या आईचं दूध ते स्वतःच्या आईचं, पावसाबाई तुला ते आहे तर जप.

पिळण्याचं दोन शब्दांत. हात धू, कोमट शेक दे, बाळ जवळ घे किंवा बाळाचं झबलं नाकाशी धर, हसू नको, पान्हा त्यानेच फुटतो. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागे, आधी छातीकडे मागे दाब मग एकमेकांकडे, बोंडशी खेचायची नाही. रात्री एकदा तरी उठून काढ, दूध करणारा हार्मोन रात्री जास्त असतो, बायका नेमकं तेच टाळतात. आमच्याकडे नियम होता बाहेर चार तास, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चोवीस तास, दारात ठेवायचं नाही. वाटी चमचा बोंडलं रोज उकळायचं. पाजताना बाळ उभट धर, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याशी, थेंब थेंब, घशात ओतायचं नाही, गिळलं की पुढचं. पाणी, मध, गुटी, ग्राइपवॉटर काही नको, त्या चिमुकल्या पोटात तेवढी जागा दुधाला सोड.

परदेशीपाहुणी

न्यू जर्सीतून. इथे आमच्या मुलाला घरी सोडताना काढलेल्या दुधात दिवसातून ठराविक वेळा मोजून पावडर मिसळायला सांगितलेली, दूध जास्त कॅलरीचं करायला, बाकी वेळी अंगावर. आणि ती आईच्या दुधावर भागली नाही म्हणून असं कोणी म्हणालं नाही, औषधासारखी, काही महिने, मग बंद. फक्त डब्याची पावडर निर्जंतुक नसते म्हणून पाणी, भांडी, उरलेलं फेकणं याबाबत फार कडक होते. सासूबाई इथे व्हिडिओ कॉलवर होत्या, त्या डब्याच्याच बाजूने, त्यामुळे अंतराने फार फरक पडत नाही.

पाऊसवेडी

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, उत्तर द्यायला उशीर झाला. @मीठभाकर तुमचं वाचून मी पण रडले, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

काल हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. डॉक्टरांनी त्यांच्याच काट्यावर, उघडं करून वजन केलं, आणि मी डिस्चार्जचं वजन दाखवलं तेही तिथलंच, म्हणजे मधलं मेडिकलमधलं आता मोजायचंच नाही असं ठरलं. वाढ कमीच आहे पण डोक्याचा घेर मस्त वाढतोय, तक्त्यातली डोक्याची रेघ ओळ धरून आहे आणि वजनाची थोडी वाकलीय. मोजून पाजल्यावर कळलं की अंगावर ती फार थोडं घेत होती, त्यामुळे आता दोन वेळा फक्त अंगावर, बाकी पिळून बोंडल्याने मोजून. पुडी परत सुरू केलीय, दिवसातल्या काही वेळच्या दुधात, अडीच किलोच्या आसपास पोचली की बघू म्हणाले. रक्त तपासलं, रिपोर्ट यायचाय. डोळ्यांची तपासणी पण पुढच्या आठवड्यात परत आहे. नवरा आणि सासूबाई पाळीपाळीने कांगारू करतायत, सासूबाईंना तर उठवावं लागतं खुर्चीतून. डब्याचं अजून बोलतात पण आवाज कमी झालाय.

एक शंका आहे. पुडी ज्या मापाच्या दुधासाठी आहे तेवढं दूध ती एका वेळी पीतच नाही. मग अर्धी पुडी अर्ध्या दुधात घालू का? की सगळ्या दुधात एकदम मिसळून फ्रिजमध्ये ठेवून दिवसभर वापरू?

बालरोगवाला

दोन्ही नको. अर्धी पुडी डोळ्याने मोजता येत नाही, कधी जास्त पडते आणि दूध दाट होऊन पोटाला त्रास देतं. माप कंपनीप्रमाणे वेगवेगळं असतं, पुडीवर लिहिलंय तेवढं काढलेलं दूध सिरिंजने मोजून घ्या, पुडी पूर्ण घाला, हलक्या हाताने विरघळवा आणि त्यातलं तिला लागतं तेवढं लगेच पाजा. उरलेलं पुढच्या वेळेला ठेवायचं की टाकायचं हे तुमच्या एनआयसीयूच्या सिस्टरना विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो, आणि मिसळून ठेवलेलं दूध जितका वेळ राहील तितकं पोटाला जड होत जातं. शी घट्ट झाली किंवा पोट फुगलं तर पुडी थांबवून फोन करा, नुसतं दूध चालूच ठेवा. वजन आता आठवड्याने, त्याच काट्यावर.

दोन_पिल्लांची_आई

आणि सिरिंज सुईशिवायची माग हं मेडिकलमध्ये, आमच्या ह्यांनी इंजेक्शनच्या दहा आणल्या होत्या.